जपानी यू म्हणून लावलेली बागड: इंदूरच्या एका बंगल्याचं प्रकरण

इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या मराठी वस्तीतला हा कोपऱ्यावरचा बंगला. दक्षिण आणि पश्चिम बाजूंना रस्ता, आणि कंपाउंडची भिंत जेमतेम कमरेइतकी. घरातल्या काकांना भिंतीच्या आतून बारा महिने हिरवी राहणारी, डोक्याइतकी उंच, दाट बागड, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण, हवी होती. धूळ अडावी आणि ओसरीवर बसल्यावर रस्त्यावरची वर्दळ समोर येऊ नये, एवढीच अपेक्षा. मेहंदी आणि कोयनेल त्यांना नको होती. मुलीकडे इंग्लंडला गेले असताना त्यांनी यू या थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडाची कुंपणं पाहिली होती, काळपट हिरवी, सरळ कातरलेली. तिथल्या लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्याच्या बागेत १६९० च्या दशकात आखणी झालेली यूची झाडं आजही छाटून आकारात ठेवली जातात, हे त्यांनी तिकडेच ऐकलं आणि मनाने घेतलं की आपल्या घराला हीच बागड.

परत आल्यावर त्यांनी शहराबाहेरच्या एका नर्सरीतून ‘जपानी यू’ म्हणून ३३ रोपं आणली. हिमाचलमध्ये नोकरीला असलेल्या पुतण्याने तिकडच्या रोपवाटिकेतून आणखी चार आणून दिली. जुलैमध्ये दोन-चार चांगले पाऊस झाल्यावर सगळी ३७ रोपं साठ-साठ सेंटिमीटरवर एका ओळीत लागली. दिवाळीपर्यंत सगळं ठीक दिसत होतं. थंडी सरत आली तशी पश्चिमेच्या टोकाची रोपं पिवळी पडू लागली, आणि पुतण्याच्या चारांपैकी एक पार वाळून गेलं. माळी म्हणाला, “बाबूजी, पानी कम पड़ रिया है,” म्हणून पाणी वाढवलं. पिवळेपणा आणखी पसरला. तेव्हा झाडं पाहायला मला बोलावणं आलं.

काकूंचा प्रश्न सरळ होता: “ताई, यूला कोणतं खत घालायचं तेवढं सांगा.” खताबद्दल मी लगेच काहीच बोलले नाही. एका नावाखाली ओळीत दोन वेगळी झाडं उभी आहेत हे फाटकातूनच दिसत होतं. झाड कोणतं ते पक्कं नसताना खत, पाणी, छाटणी यातलं काहीही सुचवणं म्हणजे अंधारात चाचपडणं. शिवाय यूच्या बाबतीत ओळख चुकली तर नुकसान रोपापुरतं राहत नाही. ते पुढे आलंच.

जेवणाच्या टेबलावर

ओळीतल्या वेगवेगळ्या जागांवरून डहाळ्या तोडून आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडल्या. भिंग घेतलं, मोजपट्टी घेतली. यूची ओळख बहुतेक लोक लाल फळावरून करतात, पण ते फळ फक्त मादी झाडाला आणि तेही झाड मोठं झाल्यावर येतं. यूमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. (स्कॉटलंडमधल्या फोर्टिंगॉलच्या अतिप्राचीन यूला सगळे नर समजत, २०१५ साली त्याच्या एका फांदीवर लाल फळं दिसली. तेव्हा हा नियमही अगदी काटेकोर नाही.) हातभर उंचीच्या रोपांची ओळख पानावरून आणि डहाळीवरूनच पटवावी लागते.

नर्सरीतल्या ३३ रोपांची पानं सात ते दहा सेंटिमीटर लांब आणि बोटाच्या पेराच्या निम्म्याहून जास्त रुंद. पान चामड्यासारखं जाड, मधली शीर वरच्या बाजूला स्पष्ट उठलेली. पानं डहाळीभोवती फिरत, सगळ्या दिशांना आलेली. हा पोडोकार्पस मॅक्रोफायलस. मूळचा दक्षिण जपान आणि चीनच्या दक्षिण-पूर्व भागातला. उष्ण प्रदेशांतल्या बागांमध्ये तो सर्रास ‘जपानी यू’ म्हणून विकला जातो. खरा जपानी यू, टॅक्सस कस्पिडाटा, हे थंड मुलखातलं दुसरंच झाड. नर्सरीवाल्याने फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे माल ज्या चिठ्ठीसह आला ती चिठ्ठी त्याने पुढे दिली. पण गिऱ्हाईक इंग्लंडचं कुंपण डोळ्यांसमोर ठेवून आलं होतं, आणि त्या क्षणी एक वाक्य बोललं गेलं असतं तर पुढचा अर्धा त्रास वाचला असता.

पुतण्याची चार रोपं मात्र खऱ्या यूची होती. पान जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, दोन-तीन मिलिमीटर रुंद, चपटं, टोकाला निमुळतं. वरून गडद हिरवं, उलटं केलं की खाली मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिक्या पिवळट हिरव्या पट्ट्या. पानं डहाळीवर खरं तर फिरत उगवतात, पण देठाशी पिळवटून दोन बाजूंना अशी पसरतात की डहाळी कंगव्याने विंचरल्यासारखी सपाट दिसते. सगळ्यात भरवशाची खूण डहाळीवर असते. प्रत्येक पानाचा तळ डहाळीवरून खाली उतरत जातो, त्यामुळे कोवळी डहाळी हिरवी राहते आणि तिच्यावर बारीक पन्हळी उमटतात. नखाने हलकेच चाचपलं तरी त्या जाणवतात. पान चुरगळून नाकाशी नेलं तर देवदार-चीडसारखा राळेचा वास येत नाही, कारण यूच्या पानात आणि लाकडात राळेच्या नलिकाच नसतात.

काकांना विश्वास बसेना. “दोन्ही सारखीच तर दिसतात, एक जरा मोठ्या पानाचं, एवढंच,” असं ते म्हणाले. मी दोन्ही पानं कागदावर उलटी ठेवून भिंग त्यांच्या हातात दिलं. पोडोकार्पसच्या पानाखाली यूसारख्या वेगळ्या उठून दिसणाऱ्या दोन पट्ट्या नव्हत्या, आणि डहाळीही तशी पन्हळीदार नव्हती. बराच वेळ भिंग इकडून तिकडे नेऊन झाल्यावर त्यांनी स्वतःच कागदावर दोन रकाने आखले आणि डहाळ्या वेगळ्या लावायला घेतल्या. एकही चुकली नाही. ही ओळख अवघड नाही. ती करायला कोणी बसत नाही, इतकंच.

हिमालयातल्या यूला गढवालात थुनेर म्हणतात. पश्चिम हिमालयातला तो टॅक्सस कॉन्टोर्टा, पूर्वेकडचा टॅक्सस वॉलिचियाना. दोन्ही संकटग्रस्त आहेत आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त जीवांच्या व्यापाराबद्दलच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचं बंधन आहे. म्हणून मी पहिल्यांदा पुतण्याला फोन लावून विचारलं की रोपं जंगलातून उपटलेली तर नाहीत ना. ती फांदीच्या कलमांपासून वाढवलेली होती. हायसं वाटलं. अत्यंत सावकाश वाढणारं झाड आहे ते, आणि त्याची जंगलं सालीसाठी आधीच खूप ओरबाडली गेली आहेत.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक: पोडोकार्पसच्या कुळातलं एक झाड, नागेया वॉलिचियाना, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात रानात वाढतं. त्या भागातलं ते एकमेव देशी सूचिपर्णी. त्याचं पान रुंद असतं आणि त्याला मधली शीर नसते, म्हणून घोटाळा होत नाही. आसामकडचा सेफॅलोटॅक्सस मात्र यूशी सहज गल्लत करायला लावतो. त्याची पानं यूपेक्षा लांब आणि पानाखाली रुंद पांढुरके पट्टे असतात. इंदूरच्या नर्सरीत तो मला आजवर भेटलेला नाही.

आजींचं तालीसपत्र

टेबलावर हे सगळं चाललं असताना काकांच्या आई, नव्वदीच्या आजी, येऊन बसल्या. त्यांनी थुनेरची डहाळी उचलली आणि म्हणाल्या, “हे तालीसपत्रच ना? पुतण्या म्हणाला होता तिकडे यालाच तालीसपत्र म्हणतात. मी थोडं सावलीत वाळवलंय. खोकल्याच्या चूर्णात घालीन म्हणते.”

या प्रकरणातली खरी निकड ती होती. पिवळी पानं दोन महिने थांबली असती. हे थांबणारं नव्हतं.

आजींनी बरणी आणली. तळाशी वाळलेली पानं, अजून कुटलेली नव्हती, कोणाच्या पोटात गेली नव्हती. ती मी कागदावर ओतून घेतली आणि त्यांना समजावून सांगितलं. आयुर्वेदाच्या अधिकृत भेषजसंहितेत तालीसपत्र म्हणजे ॲबीस वेबियाना या हिमालयी फरची पानं. तालीसादि चूर्णात तीच जातात. पण उत्तरेत आणि बंगालकडे काही ठिकाणी थुनेरची पानंही तालीसपत्र म्हणून विकली गेली आहेत, त्यामुळे पुतण्याने ऐकलं ते अगदीच हवेतलं नव्हतं. फरक जीवावर बेतणारा आहे. यूच्या पानात, डहाळीत, सालीत आणि बीमध्ये टॅक्सीन नावाची विषारी द्रव्यं असतात. ती हृदयाच्या पेशींतले सोडियम आणि कॅल्शियमचे मार्ग अडवतात, ठोक्यांचा ताल बिघडतो, रक्तदाब कोसळतो आणि काही वेळा काही तासांतच मृत्यू ओढवतो. यावर खास उतारा नाही, रुग्णालयात हृदयाला आधार देत राहणं हाच उपचार. पानं वाळल्याने विष जात नाही. झाडाच्या सगळ्या भागांत बिनविषारी भाग एकच, बीभोवतीचा लाल मऊ गर. पक्षी तो खातात आणि बी अख्खं बाहेर टाकतात. त्याच गराच्या आतलं बी माणसाने चावलं तर ते विषच.

आजी गप्प झाल्या. मग त्यांनी पंसाऱ्याकडून आणलेली तालीसपत्राची जुनी पुडी काढली. “हे तरी बरं आहे का बघा.” पुडीतली पानं कोमट पाण्यात भिजवून सरळ केली. फरच्या पानाचं टोक मध्ये किंचित खाच पडल्यासारखं असतं, पानाखाली दोन पांढऱ्या रेषा असतात, आणि भिजलेलं पान चुरगळलं की राळेचा वास हमखास येतो. पुडीत जी पानं अख्खी मिळाली त्यांत तिन्ही खुणा होत्या. चुरा झालेल्या पानांबद्दल भिंगाने काही सांगता येत नाही, म्हणून ती टाकून द्यायला सांगितली आणि यापुढे पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापलेलं असेल तरच घ्यायचं, असं ठरलं.

काकांनी दुसरा मुद्दा काढला. हे झाड कर्करोगावरचं औषध देतं, म्हणून घराशेजारी असलेलं बरं, असं त्यांना फोनवर कुणीतरी पाठवलेल्या मजकुरात वाचायला मिळालं होतं. औषधाची गोष्ट खरी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यूच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल मिळालं, त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली तिथे औषध म्हणून मान्यता मिळाली. पण सालीत ते वजनाच्या साधारण दहा हजारांत एक भाग इतकं कमी असतं. युरोपात कुंपणांच्या छाटणीतली पानं गोळा करून त्यांतल्या एका घटकापासून पुढची औषधं कारखान्यात तयार करतात. घरी पानांचा काढा केला तर औषध मिळत नाही, टॅक्सीन मात्र मिळतं. काकांनी तो मजकूर पाठवणाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन केला, हे मला फार आवडलं.

तिसरी गोष्ट माळ्याकडून कळली. बागेतला छाटलेला हिरवा पाला तो एका गोशाळेच्या गाडीत टाकत असे. घोडा आणि गाय यूची कातरण खाऊन दगावल्याच्या नोंदी यूची कुंपणं असलेल्या देशांत भरपूर आहेत. कातरण बहुतेक कुंपणाबाहेर टाकलेली असते आणि जनावर सहज तिथे पोचतं. इथे चार रोपांना अजून कात्रीच लागली नव्हती, म्हणून निभावलं. घरात दोन वर्षांचा नातूही होता, जे हाती लागेल ते तोंडात घालणारा. या घरात यू ठेवायचा की नाही, हा प्रश्न माझ्या मनात तिथेच सुटला होता. हवामानाचा विचार त्यानंतर केला.

मुळांशी

हवामानाचंही उत्तर तेच निघालं. थुनेर पश्चिम हिमालयात साधारण १८०० ते ३३०० मीटर उंचीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत ओलसर मातीत वाढतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, लू वाहते, जमीन तापते. पावसाळ्यात माळव्याची काळी माती पाणी धरून बसते. यूला ओलावा चालतो, तुंबलेलं पाणी अजिबात चालत नाही. वाळलेलं रोप उपटून पाहिलं तेव्हा मुळांची वरची साल बोटांत धरून ओढताच म्यानासारखी निघून आली आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरला. मुळं कुजली होती. वरून पानं सुकलेली दिसली म्हणून पाणी वाढवलं गेलं, आणि आधीच गुदमरलेल्या मुळांवर आणखी पाणी बसलं.

पोडोकार्पसच्या पश्चिम टोकाची नऊ रोपं आजारी होती. त्यांतलं एक काढून पाहताना माळी एकदम म्हणाला, “मॅडम, जड़ में गांठ है, कीड़ा लगा है।” त्याच्या मते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आणि त्यावर ओतायचं दाणेदार विषारी औषध तो आणणारच होता. मुळांवर खरोखर मोहरीएवढ्या गाठी होत्या, पण ओळीने, नीट मांडल्यासारख्या, आणि निरोगी रोपाच्या मुळांवरही तशाच. पोडोकार्पसच्या मुळांवर अशा गाठी असतातच. मुळांना मदत करणारी बुरशी त्यांत राहते. यूला त्या नसतात. म्हणजे पानावरून पटलेली ओळख मुळाशीही पटली, आणि एका विषाची खरेदी टळली. सूत्रकृमीची गाठ मुळाची जाडीच वेडीवाकडी फुगवते. ही गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेल्या मण्यासारखी असते.

मग पिवळेपणाचं कारण काय? नीट पाहिलं तर पिवळेपण दोन प्रकारचं होतं. पश्चिम टोकाला अख्खं रोप निस्तेज, खालची पानं आधी गळणारी. दक्षिणेच्या बाजूला, बोअरच्या नळाजवळ, फक्त शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांची मधली शीर हिरवी. एकच खत दोन्हीला घातलं असतं तर एकही सुधारलं नसतं.

पश्चिमेला तीस सेंटिमीटरचा खड्डा खणून पाण्याने भरला, पाणी जिरल्यावर पुन्हा भरला. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी रात्रभर तसंच उभं राहिलं. निचरा बरा असेल तर तासाला दोन-अडीच सेंटिमीटर तरी उतरायला हवं. वर पाहिलं तर गच्चीची पन्हळ बरोबर त्याच कोपऱ्यात सोडलेली. चार महिन्यांचं सगळं पावसाचं पाणी तिथे पडत होतं. त्यात रोपं लावताना चिकट काळ्या मातीत खड्डे खणून ते कोकोपीट आणि पोयट्याने भरले होते. भुसभुशीत खड्ड्याभोवती घट्ट चिकण, म्हणजे प्रत्येक रोप पाण्याने भरलेल्या वाटीत उभं.

नळाजवळच्या रोपांना लोहाची उणीव होती. माळव्याची काळी माती मुळात अल्कधर्मी, त्यावर बोअरचं क्षारयुक्त पाणी. जमिनीत लोह असूनही अशा मातीत ते मुळांना मिळत नाही. नवी पानं आधी पिवळी पडली की संशय लोहावर घ्यावा. जुनी पानं आधी पिवळी पडली तर मॅग्नेशियमची किंवा मुळांची तपासणी करावी.

काय केलं

यूची उरलेली तीन रोपं फेब्रुवारीतच मुळांच्या गोळ्यासकट काढली, गोणपाटात बांधली आणि पुतण्या ती परत हिमाचलला घेऊन गेला. काकांना वाईट वाटलं. एक तरी कुंडीत, सावलीत ठेवू म्हणाले. मी ठाम नाही म्हटलं. इंदूरच्या मे महिन्यात कुंडीची माती जमिनीपेक्षाही जास्त तापते, आणि नातवाच्या हाताशी कुंडी म्हणजे तर आणखीच नको. तिकडे दोन रोपं धरली, तिसरं गेलं.

पन्हळीचं पाणी पाइपाने फिरवून पुढच्या अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडलं. पश्चिमेची नऊपैकी सहा रोपं वाचण्यासारखी होती. ती काढून, कुजलेली मुळं छाटून, पिशव्यांत मुरूम, कंपोस्ट आणि थोड्या काळ्या मातीच्या मिश्रणात सावलीत ठेवली. ओळीची जागा उकरून दीड फूट उंच वरंबा केला. त्यात मुरूम भरपूर आणि कंपोस्ट चांगलं कुजलेलं. इंदूरकरांनी कंपोस्टसाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक काळाने उलटून कंपोस्ट करण्याची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. मुळांना हवा मिळाली पाहिजे हा त्यांचा आग्रह इथल्या काळ्या मातीला अजूनही लागू पडतो. काकूंनी मागच्या अंगणात अशी रास लावली आहे आणि कोरड्या पानांचा कचरा आता घराबाहेर जात नाही.

पुनर्लागवड सप्टेंबरच्या शेवटी केली. बरेच जण पहिल्या पावसात लावायची घाई करतात. भारी काळ्या मातीत मला पाऊस ओसरतानाचा काळ जास्त पसंत आहे. जमिनीत ओल असते, पाणी तुंबत नाही, आणि मुळांना उन्हाळ्याआधी पाच-सहा महिने मिळतात. रोपाचा गोळा जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर ठेवला, खोडाला माती लावली नाही. ठिबकच्या नळ्या टाकल्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन दिलं, खोडापासून चार बोटं दूर.

नळाजवळच्या रोपांना हिराकस देऊन भागलं नसतं, कारण अल्कधर्मी मातीत त्याचं लोह लगेच अडकून बसतं. अशा मातीत टिकणारं ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मुळांशी दिलं आणि बोअरऐवजी शक्य तितकं नर्मदेच्या नळाचं व साठवलेल्या पावसाचं पाणी वापरायला सांगितलं. नवी पालवी हिरवी फुटली. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी झाली नाहीत, तशी ती सहसा होतही नाहीत. काकूंना हे आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर त्यांनी पुन्हा खत घातलं असतं.

अगदी सखल असा तीन मीटरचा कोपरा वरंबा करूनही ओलसरच राहतो. तिथे पोडोकार्पस लावण्याचा हट्ट सोडून कोयनेल लावली. समुद्रकाठच्या खारट, ओल्या जमिनीतही वाढणारं झुडूप आहे ते, इथे त्याला काहीच त्रास नाही. काकांना ती सुरुवातीला नको होती, पण दोन्ही सारख्या उंचीला छाटल्यावर रस्त्यावरून रंगात थोडा फरक दिसतो, एवढंच. त्यांच्या भावाने आगरकडच्या शेतावर कुंतीची बागड करायची का, असं विचारलं होतं. सुंदर सुवासिक फुलांचं झाड आहे, पण त्यांच्याकडे संत्र्याची बाग आहे आणि संत्र्यावर हरितरोग पसरवणाऱ्या सायला किडीला कुंती फार आवडते. तिथे कुंती नको, करवंद लावा, असं सांगितलं.

छाटणीबद्दल काकांच्या मनात इंग्लंडची सरळ भिंत पक्की बसली होती. मी बागड तळाशी रुंद आणि वर जरा अरुंद ठेवायला लावली. बाजू अगदी उभ्या कातरल्या किंवा वर रुंद ठेवल्या तर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि दोन-तीन वर्षांत तळ उघडा पडतो. पहिली दोन वर्षं शेंडे फक्त खुडायचे, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन दाटपणा येतो. उंची गाठल्याशिवाय मोठी कात्री लावायची नाही. मोठी छाटणी जुलैत आणि मग थंडीच्या सुरुवातीला. मार्च ते जून नाही, कारण छाटल्यावर आतली सावलीतली पानं एकदम उन्हात येतात आणि करपतात. यूची एक मोठी खासियत म्हणजे जुन्या, उघड्या खोडावरूनही तो पुन्हा फुटतो, म्हणूनच तिकडे शतकानुशतकं कुंपणं टिकतात. पोडोकार्पसही बऱ्यापैकी फुटतो. मोरपंखी आणि सायप्रस मात्र हिरव्या भागाच्या आत कापले की ती जागा कायमची उघडी राहते. माळ्याला हे मी मोरपंखीची एक जुनी फांदी दाखवून सांगितलं, शेजारच्याच बंगल्यात तसं झालेलं होतं.

पुढच्या पावसाळ्याअखेर बहुतेक रोपांनी वीत-दीड वीत वाढ धरली होती. यूपेक्षा ही वाढ बरीच जास्त आहे, आणि तरी मेहंदीसारखी दर पंधरवड्याला कात्री मागत नाही. दोन रोपं मेली, त्या जागी नवी लावली. शेंड्यांवर मावा आला तेव्हा नळाच्या जोरदार धारेने धुऊन काढला आणि निंबोळी तेलाची फवारणी केली. काळी बुरशी चढण्याआधीच आटोक्यात आला.

पोडोकार्पसचा पालाही गोशाळेत द्यायचा नाही, असं ठरलं आहे. तो यूइतका घातक नाही, पण त्याचं बी आणि पानं जनावरांच्या किंवा लहान मुलांच्या पोटात जाणं बरं नव्हे. कातरण सगळी काकूंच्या कंपोस्टच्या राशीत जाते. माळ्याच्या खोलीच्या दारावर काकांनी दोन डहाळ्या कोरड्या करून, काचेत बसवून टांगल्या आहेत, खाली मोठ्या अक्षरांत नावं. थुनेरच्या डहाळीखाली लाल रंगात ‘विषारी’ असं लिहिलं आहे. नवा माळी लागला की आधी त्याला ते दाखवतात आणि मग कात्री हातात देतात.